बाण सुटण्याआधी

२०१५ च्या जुलैमध्ये झिंबाब्वेतला सेसिल हा सिंह मारला गेला, तेव्हा जगभर गदारोळ उठला होता. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला हा काळसर आयाळीचा सिंह सुमारे १३ वर्षांचा होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला होता. उद्यानाच्या हद्दीबाहेर आमिष ठेवून, रात्रीच्या अंधारात, अमेरिकेहून पैसे मोजून आलेल्या एका हौशी शिकाऱ्याने त्याच्यावर बाण सोडला. बाण लागला, पण सिंह मेला नाही. जखम घेऊन त्याने रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाणाने त्याला संपवण्यात आले. मधला काळ ४० तासांचा होता, असे आधी छापून आले होते. सेसिलचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे अँड्र्यू लव्हरिज यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तो १० ते १२ तासांचा असल्याचे मांडले.

वर्तमानपत्रांतली चर्चा परवाना, पैसा आणि भिंतीवर टांगायची मुंडकी यांभोवती फिरली. ती व्हायलाच हवी होती. धनुष्याने शिकार करणाऱ्यांना मात्र वेगळाच प्रश्न जिव्हारी लागला. तो पहिला बाण मुळात सुटायला हवा होता का?

उत्तर अमेरिकेत दरवर्षी लाखो माणसे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, धनुष्य घेऊन जंगलात जातात. बहुतेकांचे लक्ष्य असते पांढऱ्या शेपटीचे हरीण, आणि त्याचे मांस घरच्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरते. या लोकांतल्या जाणत्यांनी स्वतःला घालून घेतलेला दंडक असा : जनावर काही सेकंदांत कोसळेल अशी खात्री असेल तरच बाण सोडायचा, नाहीतर ताणलेली दोरी सावकाश सैल करत मूळ जागी आणायची. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते किती अवघड आहे, हे कळायला आधी बाण जनावराचे नेमके काय करतो ते पाहावे लागते.

रायफलची गोळी प्रचंड वेग आणि ऊर्जा घेऊन येते. हरणाच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीत तीन हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. सुमारे २६ ग्रॅम वजनाचा, सेकंदाला ८५ मीटर वेगाने जाणारा बाण जेमतेम ९५ ज्यूल घेऊन जातो. त्याच्या धक्क्याने हरीण पडत नाही. बाण कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. म्हणून बाणाच्या टोकाच्या पात्याची धार हातावरचे केस निघतील इतकी असावी लागते. तिथे आळस केला तर पुढचा सगळा नेम फुकट. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी पात्याची किमान रुंदी (बहुधा पाऊण इंचाहून थोडी जास्त) आणि धनुष्याचा किमान ताण (पुष्कळ ठिकाणी ४० पौंड) कायद्यानेच ठरवून दिला आहे.

धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले, तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो. हरीण बहुधा शे-सव्वाशे मीटर धावते आणि पडते, काही वेळा त्याहूनही अलीकडे. काय झाले हे त्याला उमगण्याआधीच पुष्कळदा सगळे संपलेले असते. तोच बाण वीतभर मागे, पोटात लागला तर जनावर मरते खरे, पण त्याला कित्येक तास लागतात. वर खांद्याच्या जाड हाडावर बसला तर तो आत शिरतच नाही. म्हणजे चांगल्या आणि वाईट मरणातले अंतर आहे एका वितीचे.

ही वीतच शिकाऱ्याच्या डोक्यात सतत असते. हृदय आणि फुप्फुसे मिळून जो भाग होतो तो पूर्ण वाढलेल्या हरणात साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणून अंगणात सराव करताना कागदी ताटली लावायची जुनी पद्धत आहे. ज्या अंतरावरून प्रत्येक बाण ताटलीत बसतो, ते त्या माणसाचे अंतर. दहातले आठ बसतात, हे पुरेसे मानत नाहीत, कारण उरलेले दोन कुठे जातील ते सांगता येत नाही. शिवाय अंगणात माणूस सपाट जमिनीवर, सुती शर्टात, शांत चित्ताने उभा असतो. जंगलात तो झाडावर पाच-सहा मीटर उंचीच्या मचाणावर, कमरेला सुरक्षापट्टा बांधून, जाड कपड्यांत आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी बसलेला असतो. तेव्हा अंगणातले अंतर जंगलात निम्मे धरावे, असे अनुभवी लोक नवख्यांना सांगतात.

हरीण कोणत्या कोनात उभे आहे यावर तर सगळेच अवलंबून असते. ते आडवे उभे असेल, किंवा पाठ थोडी शिकाऱ्याकडे करून तिरके असेल, तर बाण बरगड्यांतून थेट फुप्फुसांत जातो. आडव्या हरणाचा अलीकडचा पुढचा पाय पुढे पडलेला असेल तर अधिकच चांगले, कारण त्यामुळे खांद्याचे हाड बाजूला सरकते आणि वाट मोकळी होते. समोरून तोंड करून उभे असलेले हरीण म्हणजे छातीचे हाड आणि अरुंद फट. पाठमोरे असेल तर बाण सोडायचा विचारही करायचा नाही. मचाणाच्या अगदी खाली आलेले हरीण नवशिक्याला सोपे वाटते, कारण ते इतके जवळ असते. पण सरळ खाली गेलेला बाण एकाच फुप्फुसाला लागण्याचा धोका असतो, आणि एका फुप्फुसावर जगणारे हरीण कोसभर जाऊ शकते.

धनुष्याच्या शिकारीला आज जे रूप आले आहे त्यामागे एका विलक्षण भेटीची गोष्ट आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एका कत्तलखान्याच्या आवारात भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा माणूस होता. बाकीची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत संपली होती. त्याला नाव मिळाले ईशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात तो राहू लागला, तिथे त्याच्यावर उपचार करणारे शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुष्य घडवायला, बाण करायला, जनावरामागे जायला शिकले. ईशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांनी त्याच्या पद्धती टिपून ठेवल्या. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यावर अंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळत असे. दूरच्या लक्ष्यावर पैज लावून नेम मारण्यात तो काही मोठा तरबेज नव्हता. त्याचे कसब होते जनावराच्या जवळ जाण्यात. वाऱ्याची दिशा सांभाळत, दबा धरत, तो अंतर कमी करत जायचा, आणि ते पुरेसे कमी झाले नाही तर बाण भात्यातच राहायचा.

पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये पोप अँड यंग क्लब स्थापन झाला. त्याआधी १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी केवळ धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला होता, आणि पुढे एकेक करत इतर राज्यांनी तेच केले. मग मिझुरीच्या हॉलिस विल्बर अॅलन यांनी दोन्ही टोकांना चाके बसवलेले कंपाउंड धनुष्य बनवले. पेटंटचा अर्ज १९६६ चा, मंजुरी १९६९ ची. त्याने या खेळाचे स्वरूप पार पालटून टाकले. ६० पौंड ताणाचे कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढले की हातावर उरतो तो जेमतेम १२ ते १५ पौंडांचा भार. साध्या लाकडी धनुष्यावर पूर्ण ताणात दोन-तीन सेकंद थांबणेही जड जाते. इथे माणूस मिनिटभर थांबू शकतो आणि भिंगातून नेम धरू शकतो. धनुष्य सोपे झाल्यावर माणसांची गर्दी वाढली, आणि अंतरही वाढले. ईशी जिथून बाण सोडत असे, त्याहून दूरवरून बाण सुटू लागले.

इथे गणित आडवे येते. हे गणित कोणत्याही धनुष्याच्या जाहिरातीत सापडत नाही.

दोरी सुटते तेव्हा आवाज होतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, बाण ८५. म्हणजे आवाज बाणाच्या चौपट वेगाने हरणापर्यंत पोचतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण दचकले की उडी घेण्याआधी पाय वाकवते, त्यामुळे सगळे शरीर क्षणात खाली बसते. समजा हरीण १८ मीटरवर आहे. बाणाला तिथे जायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आवाज पोचून हरणाचे स्नायू हलेपर्यंत तेवढाच वेळ गेलेला असतो. बाण जिथे जायचा तिथेच जातो. आता तेच हरीण ३६ मीटरवर धरा. बाणाला ०.४३ सेकंद लागतात. आवाज ०.१ सेकंदात पोचला आणि हरणाने प्रतिसादाला ०.१५ सेकंद घेतले, तरी त्याच्याकडे ०.१८ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात कोणतीही वस्तू नुसती सोडून दिली तरी १५-१६ सेंटिमीटर खाली पडते. हरीण चटकन हलले तर त्याहून अधिक. फुप्फुसांच्या मधोमध धरलेला बाण तिथे पोचतो तेव्हा समोर पाठीचा कणा असतो, नाहीतर कण्यावरचे मांस. नेम चुकलेला नव्हता, हात थरथरला नव्हता, धनुष्यातही दोष नव्हता. बाण हवेत असताना हरीण हलले, एवढेच. सेकंदाला शंभर मीटर वेगाचे धनुष्य घेतले तरी आवाजाला गाठता येत नाही. दूरवरून बाण सोडण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि कितीही सरावाने तो खोडता येत नाही.

सावध झालेले हरीण तर आणखीच धोक्याचे. चालणाऱ्या हरणाला थांबवायला शिकारी तोंडाने हलकेच बकरीसारखा आवाज काढतात. हरीण थबकते, पण कान टवकारून, स्नायू आवळून. जवळच्या अंतरावर हे चालून जाते. दूर असेल तर त्या आवाजानेच पुढचा घोटाळा पक्का केलेला असतो.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होते, तेही आकड्यांत पाहता येते. २० मीटर समजून नेम धरला आणि हरीण प्रत्यक्षात ३० वर असले, तर बाण सुमारे २० सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे छातीऐवजी पायाला लागतो किंवा पोटाखालून निघून जातो. लेझरने अंतर मोजणारी यंत्रे आल्यापासून ही चूक कमी झाली आहे. मात्र जाणते शिकारी हरणाची वाट पाहत बसण्याआधीच आसपासची झाडे मोजून ठेवतात : हा ओक १८ मीटर, ते पडलेले खोड २५. हरीण समोर आल्यावर खिशातले यंत्र काढायला सवड नसते, आणि हालचाल हरणाला दिसतेच. धनुष्य ओढायचे तेही हरणाचा डोळा झाडाच्या बुंध्याआड असेल तेव्हाच.

एवढे सारे डोक्यात धरून बसलेल्या माणसाला हरीण दिसले की छाती धडधडू लागते. याला अमेरिकेत ‘बक फीव्हर’ म्हणतात. श्वास अडकतो, गुडघे कापतात, तोंड कोरडे पडते. वर्षभर सराव केलेला माणूस नेम धरायचे पार विसरतो आणि अख्ख्या हरणाकडे पाहून बाण सोडून मोकळा होतो. म्हणून शिकवणारे सांगतात की हरणाकडे पाहू नका, त्याच्या अंगावरचा एक केस निवडा. याहून चिवट व्याधी म्हणजे ‘टार्गेट पॅनिक’. नेम लक्ष्यावर स्थिर होण्याआधीच बोटे आपोआप सुटतात, किंवा लक्ष्यावर नेम आणताच येत नाही. स्पर्धेतल्या नामांकित तिरंदाजांनाही ती छळते. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे : लक्ष्य काढून टाकून, हातभर अंतरावरून, महिनोन्महिने फक्त दोरी शांतपणे सोडण्याचा सराव. तो पुरा न करता जंगलात जाणे हा त्या जनावरावर अन्याय आहे, आणि असे म्हणणारे लोक धनुर्धरांतच पुष्कळ आहेत.

लक्ष्य नीट दिसल्याशिवाय बाण सोडू नये, हा धडा मराठी वाचकाला नवा नाही. शरयूकाठी पाणी पिणाऱ्या जनावराचा आवाज समजून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला, आणि तो लागला आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या श्रावणाला. प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली हरीण दिसले. तो श्रीकृष्णाचा पाय होता. दोघेही नेमात पक्के होते. आजच्या शिकारी-प्रशिक्षणातही पहिला नियम तोच आहे : जनावर कोणते ते ओळखा, त्याच्या मागे काय आहे ते पाहा, मग धनुष्य उचला. संधिप्रकाशात हे पाळणे सर्वांत कठीण जाते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार कायदेशीर असते, आणि हरणे नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. कायदा परवानगी देतो, पण समोरच्या दोन सावल्यांपैकी नर कोणता हे दिसत नसेल तर परवानगीचा काही उपयोग नाही.

बाण सुटल्यावर खरी कसोटी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे खाली उतरायची घाई न करणे. हरीण कसे पळाले, शेपटी वर होती की खाली, पाठीला बाक आला होता का, कोणत्या झाडापाशी शेवटचे दिसले, हे डोळ्यांत साठवायचे. फुप्फुसांत बाण गेल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबायचे. मग बाण शोधायचा. बाण सगळे सांगतो. त्यावर गुलाबीसर, बुडबुडे असलेले रक्त असेल तर फुप्फुसे. गडद लाल असेल तर यकृत, मग चार ते सहा तास थांबायचे. बाणाला हिरवट ओल आणि चघळलेल्या गवताचा वास असेल तर पोट, आणि तिथे आठ-बारा तास थांबावे लागते. जखमी जनावर जवळच आडवे होते. त्याला उठवले नाही तर ते तिथेच मरते. लगेच मागे लागले तर अंगातल्या उरल्यासुरल्या बळाने उठून ते मैलभर पळते, रक्ताचा माग तुटतो, आणि ते कधीच सापडत नाही. पोटात बाण लागलेल्या हरणासाठी रात्रभर हात बांधून बसणे हा सर्वांत कठीण भाग आहे, असे बहुतेक शिकारी सांगतात. त्या रात्री हरीण वेदनेत आहे हे त्यांना ठाऊक असते. पाऊस आला किंवा कोल्हेकुत्री मागावर आली तर ही वाट पाहणेही अंगाशी येते, आणि मग दोन्हींपैकी कमी वाईट काय ते ठरवायचे एवढेच हातात राहते.

माग काढायची पद्धत ठरलेली आहे. रक्ताचा प्रत्येक थेंब दिसेल तिथे फांदीवर टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा. मागे वळून पाहिले की पांढऱ्या तुकड्यांची रेघ दिसते आणि हरीण कुठल्या दिशेने गेले त्याचा अंदाज येतो. मागावर पाय द्यायचा नाही, कडेने चालायचे. वाळलेल्या पानावरचा तांबडा डाग रक्ताचा की पानाचाच, अशी शंका आली तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकतात, आणि रक्त असेल तर फेस येतो. माग संपला तर शेवटच्या थेंबापासून वर्तुळे काढत शोधायचे. अलीकडे अनेक राज्यांनी पट्ट्याला बांधलेला मागकाढू कुत्रा वापरायला मुभा दिली आहे. बुटके, आखूड पायांचे डॅक्सहुंड या कामात नावाजलेले आहेत. माणसाच्या डोळ्यांनी सोडून दिलेला माग ते दुसऱ्या दिवशीही हुंगून काढतात.

एवढे करूनही किती हरणे सापडत नाहीत? यावर दोन्ही बाजूंचे लोक वर्षानुवर्षे तावातावाने भांडत आले आहेत. त्यातले दोन अभ्यास नीट वाचावेत असे आहेत. ओक्लाहोमातल्या मॅक्अलेस्टर लष्करी दारूगोळा केंद्राच्या आवारात संशोधकांनी नर हरणांना रेडिओ-पट्टे बसवले. तिथे फक्त जुन्या पद्धतीच्या, चाके नसलेल्या धनुष्यांनाच परवानगी होती. १९९८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार बाण लागलेल्या २२ हरणांपैकी ११ शिकाऱ्यांच्या हाती लागली, ११ लागली नाहीत. न सापडलेल्या ११ पैकी तीन त्या जखमेने मेली, बाकीची वाचली. दुसरा अभ्यास मेरिलंडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावरचा, १९८९ ते २००६ या काळातला. तिथे नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच शिकारीला सोडत, आणि धनुष्ये आधुनिक होती. बाण लागलेल्यांपैकी १८ टक्के हरणे सापडली नाहीत.

ओक्लाहोमाचा आकडा पाहून विरोधक म्हणतात की बंदीच घाला. इंडियन हेडचा आकडा पाहून शिकारी संघटना म्हणतात की प्रश्न सुटला. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. परीक्षा, चांगली साधने आणि शिस्त यांनी प्रमाण खूप खाली येते, हे इंडियन हेडवरून दिसते. पण परीक्षा देऊन आलेल्या माणसांच्या हातूनही साधारण साडेपाचात एक हरीण हरवते, हेही त्याच आकड्यात आहे. ज्या राज्यांत परीक्षाच नाही, तिथे काय होत असेल? अलास्कासारख्या राज्यात धनुष्याने मोठी शिकार करायची तर प्रमाणपत्र लागते. पुष्कळ राज्यांत पैसे भरून परवाना मिळतो आणि बाण ताटलीत बसतो की नाही हे कोणी विचारत नाही. खरे पाहता सर्वांत आधी बदलायला हवी ती ही गोष्ट.

युरोपचा अनुभव यात उपयोगी पडतो. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वन्य प्राणी मारण्यासाठी धनुष्यबाण वापरायला बंदी घातली. जर्मनीतही हरणांसारख्या जनावरांवर बाण चालवता येत नाही. फ्रान्सने मात्र १९९५ मध्ये परवानगी दिली आणि तिला सक्तीच्या प्रशिक्षणाची अट घातली. डेन्मार्कने परवानगी दिली तीही नेमाची परीक्षा ठेवूनच.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि त्या कायद्याच्या शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण जखमी जनावर वाऱ्यावर सोडायचे नाही, हा दंडक इथल्या जुन्या शिकाऱ्यांतही कडक होता, आणि त्याला कारण होते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले आढळले, आणि ती जखम जुन्या बंदुकीच्या गोळीची होती. कुणीतरी कधीतरी एक वाईट नेम मारून घरी निघून गेले होते.

अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या परसात मात्र हा विषय थेट आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणे जवळपास पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. या पुनरुज्जीवनाला शिकाऱ्यांच्याच पैशाचा मोठा हातभार लागला : १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालचा बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९७२ मध्ये धनुष्यबाणांवरही आला, आणि तो निधी राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आता न्यू जर्सीतल्या उपनगरांत हरणे अंगणातल्या फुलझाडांचा फडशा पाडतात, रात्री गाड्यांवर आदळतात. घरांच्या गर्दीत बंदूक चालवता येत नाही, म्हणून धनुष्य पुढे येते. या राज्यात बंदुकीसाठी इमारतीपासून ४५० फुटांचे अंतर ठेवावे लागते, तर धनुष्यासाठी १५० फूट पुरतात, अट एवढीच की बाण उंचावरून खालच्या दिशेने सुटावा. एडिसन किंवा प्रिन्स्टनकडच्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या वनराईतले मचाण दिसू शकते. तिथे सुटलेला वाईट बाण घेऊन हरीण कुणाच्या तरी हिरवळीवर येऊन पडते, मुले शाळेच्या बसची वाट पाहत असताना. आणि माग काढत आलेल्या शिकाऱ्याला त्या घरमालकाची परवानगी लागते, ती नाकारली जाऊ शकते. अशा ठिकाणी १५-१८ मीटरपलीकडचा बाण सोडूच नये, असा नियम नगरपालिकांनी आपल्या हरीण-नियंत्रणाच्या कार्यक्रमांत घालायला काहीच हरकत नाही.

या विषयावर सर्वांत खोल विचार ज्यांनी केला त्यात आल्डो लिओपोल्ड यांचे नाव घ्यावे लागेल. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवत आणि त्यांनी शिकार करत. त्यांच्या पत्नी एस्टेला राज्याच्या महिला तिरंदाजीच्या विजेत्या होत्या. शिकाऱ्याला टाळ्या वाजवायला किंवा नावे ठेवायला प्रेक्षक नसतात, त्यामुळे तो जे करतो ते त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकावरच चालते, असे त्यांनी लिहून ठेवले.

काही ठिकाणी कायद्याने हा हिशेब थोडा बाहेर आणला आहे. आग्नेय अलास्कात अस्वलाला नुसती जखम झाली तरी ते त्या वर्षीच्या शिकारीत धरले जाते, हाती लागो वा न लागो. आफ्रिकेत पैसे देऊन केलेल्या शिकारीत रक्ताचा थेंब सांडला की पूर्ण शुल्क द्यावे लागते. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असे काही नाही. दोन दिवस शोधून हरीण सापडले नाही, तर परवान्याचे चिठोरे कोरेच राहते आणि दुसऱ्या हरणावर बाण सोडायला कायद्याची ना नसते. काही शिकारी ते चिठोरे स्वतःच्या हाताने भरून टाकतात आणि त्या वर्षापुरते धनुष्य खुंटीला लावतात. काही दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मचाणावर जाऊन बसतात.